स्लॅब सेरिफचं इटॅलिक: कोणते पाय ठेवायचे, कोणते काढायचे

सह्याद्रीतल्या झाडांची खिशात मावेल अशी मार्गदर्शिका तयार करणाऱ्या एका वनस्पती-अभ्यासक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: प्रत्येक झाडाचं मराठी नाव, इंग्रजी नाव आणि शास्त्रीय नाव द्यायचं आहे. इंग्रजीसाठी त्यांनी एक स्लॅब सेरिफ टाइप (ज्यात अक्षराच्या दांड्यांना वर-खाली जाड आडव्या पट्ट्या असतात) निवडला, कारण तो दणकट आहे आणि रानात उन्हातही वाचता येतो. शास्त्रीय नावं रिवाजाप्रमाणे इटॅलिकमध्ये लावली, तर ती कुणीतरी बाजूने ढकलल्यासारखी आणि एकमेकांत अडकल्यासारखी दिसायला लागली. असं का होतं? स्लॅबचं चांगलं इटॅलिक कसं ओळखायचं? आणि शास्त्रीय नावं तिरपी आहेत, तर मराठी नावंही तिरपी करावीत का?

ताई, तुम्ही पाठवलेलं पान मी मोठं करून पाहिलं. तुम्हाला जे खटकलं ते बरोबर खटकलं. तुम्ही निवडलेल्या टाइपात इटॅलिक मुळात नाहीच. सरळ अक्षरंच सॉफ्टवेअरने परस्पर कलवून दिली आहेत. वर्डमध्ये इटॅलिकचं बटण दाबलं की टाइपात इटॅलिक असो वा नसो, काहीतरी तिरपं समोर येतंच, त्यामुळे फसगत ध्यानात येत नाही. ब्राउझरही तेच करतो. बारीक सेरिफच्या टाइपात ही कलवाकलव थोडीफार खपून जाते. स्लॅबमध्ये खपत नाही. ती का खपत नाही हे कळलं, की चांगलं इटॅलिक नजरेला आपोआप ओळखू येतं. म्हणून आधी तिथूनच सुरुवात करतो.

रोमन अक्षरांच्या दांड्यांना वर-खाली जी टोकं असतात ती सेरिफ. टाइम्ससारख्या टाइपात ती निमुळती होत जातात. स्लॅबमध्ये त्या सरळसोट आडव्या पट्ट्या असतात, जाडीला जवळजवळ दांड्याइतक्याच. वाड्याच्या लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो, तसा प्रत्येक दांडा आपल्या पट्टीवर उभा असतो. या टाइपाचं सगळं बळ त्या काटकोनात आहे.

आता खांब 12 अंशांनी उजवीकडे कलवा आणि तळखडा होता तसाच आडवा राहू द्या. पायाशी उजव्या बाजूचा कोन 90 वरून 78 अंशांवर येतो आणि डाव्या बाजूचा 102 वर जातो. माथ्याशी याच्या उलट होतं: तिथे डावीकडच्या पट्टीखालचा कोन 78 चा होतो. म्हणजे प्रत्येक दांड्याला एक लघुकोनाची बेचकी आणि एक फाकलेला कोन. छपाईत शाई नेमकी बेचकीत साचते. कागद जरा शोषणारा असला की ती बेचकी बुजते आणि दांड्याच्या एकाच बाजूला काळा ठिपका बसल्यासारखा दिसतो. शब्दभर असे ठिपके तिरप्या ओळीत पडले, की डोळ्याला शब्दाआधी करवतीचे दात दिसतात.

गोल अक्षरांचं दुखणं वेगळं. लहान 'ओ' घ्या. सरळ स्लॅबमध्ये त्याची रेघ सगळीकडे साधारण एकसारख्या जाडीची असते. त्याला 12 अंशांनी कलवलं तर ती वर उजवीकडे आणि खाली डावीकडे सुमारे 11 टक्के जाड होते, आणि वर डावीकडे व खाली उजवीकडे सुमारे 10 टक्के बारीक होते. हा भूमितीचा साधा हिशेब आहे, कुठल्याही टाइपात तो असाच येतो. ज्या टाइपात जाड-बारीक रेघांचा खेळ आधीपासून आहे तिथे हा फरक त्यात मुरून जातो. स्लॅबची रेघ एकसारखी, म्हणून तिच्यावर ही सूज उघडी पडते. चांगला टाइप-रचनाकार इटॅलिकचा 'ओ' कलवून घेतला तरी त्यावर पुन्हा बसतो, जाडी हाताने सारखी करतो. ज्याने ते केलेलं नाही त्याचा 'ओ' पिचलेल्या चेंडूसारखा दिसतो.

आता तुमच्याच पुस्तकातलं एक नाव जवळून पाहू. माथेरान-महाबळेश्वरकडचा माणूस अंजन म्हणतो तेव्हा त्याच्या मनात निळ्या फुलांचं मेमेसायलॉन अंबेलॅटम असतं. खानदेशातला माणूस अंजन म्हणतो तेव्हा त्याचं झाड हार्डविकिया बायनाटा असतं. दोन्ही झाडं वेगळी, नाव एक. म्हणजे तुमच्या पुस्तकात शास्त्रीय नाव ही काही शोभेची ओळ नाही. ओळख पक्की होते ती तिथेच. ती ओळ अडखळत वाचावी लागली तर पुस्तकाचं मुख्य कामच अडतं.

मेमेसायलॉन अंबेलॅटम रोमन लिपीत लिहा आणि सुरुवातीचं कॅपिटल अक्षर सोडून मोजा. लहान 'एम' तीन, 'एन' एक, 'एल' तीन. एका 'एम'ला तीन दांडे, म्हणजे नऊ; 'एन'चे दोन; 'एल'चे तीन. एकूण चौदा दांडे जमिनीवर टेकतात. सरळ स्लॅबमध्ये प्रत्येकाच्या पायाला डावी-उजवी अशी दोन्हीकडे पट्टी, म्हणजे पट्टीची अठ्ठावीस टोकं. आठ पॉइंटच्या बारीक आकारात 'एम'च्या शेजारशेजारच्या पायांत मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकीही फट बहुधा उरत नाही. फट सरळ अक्षरातही तेवढीच असते, पण तिथे दोन्हीकडचे कोन सारखे असतात आणि नजर एका ठरलेल्या तालात पुढे जाते. तिरप्यात दर पावलाला एका बाजूची बेचकी मिटलेली, म्हणून ताल तुटतो.

हाताने लिहिताना काय होतं ते आठवा. आपण 'एम' लपेटीत लिहितो तेव्हा लेखणी वरून डावीकडून हलकेच आत शिरते, पहिले दोन दांडे ओढून तशीच वर चढते, आणि शेवटच्या दांड्यानंतर उजवीकडे बाहेर पडते. मधल्या दांड्यांच्या पायाशी ती थांबतच नाही, मग तिथे पट्टी येणार कुठून? खऱ्या इटॅलिकची हीच शिस्त आहे: आत शिरताना माथ्याला डावीकडे एक टोक, बाहेर पडताना पायाला उजवीकडे एक टोक, मधले सगळे पाय अनवाणी. या शिस्तीत त्या नावातली टोकं मोजा. तीन 'एम'ची तीन, 'एन'चं एक, 'एल'ची तीन. अठ्ठाविसाची सात झाली.

इथे एक खाच आहे, आणि स्लॅबच्या इटॅलिकची खरी परीक्षा तिथेच होते. जी टोकं ठेवायची ती पायाला उजवीकडे आणि माथ्याला डावीकडे. मघाशी लघुकोन कुठे झाले होते? पायाला उजवीकडे आणि माथ्याला डावीकडे. म्हणजे ठेवायची पट्टी नेमकी बेचकीच्या बाजूलाच येते. यावर रचनाकार दोनपैकी एक वाट धरतो. एक तर दांडा आणि पट्टी यांच्यातला सांधा वळवून घेतो, म्हणजे कोन उरतच नाही, दांडाच वळून पट्टी होतो. नाहीतर कोन ठेवतो, पण पट्टी सरळ अक्षरातल्या पट्टीपेक्षा किंचित बारीक आणि आखूड करतो, वर बेचकीत थोडी जास्तीची जागा कोरून ठेवतो, शाईला बसायला. पहिल्या वाटेने अक्षर हाताच्या वळणाकडे झुकतं, दुसरीने यंत्राकडे. दोन्ही चांगल्या वाटा आहेत. फक्त एकाच टाइपात अर्धी अक्षरं एका वाटेने आणि अर्धी दुसरीने गेली, तर तो टाइप घाईत काढलेला आहे असं खुशाल समजावं.

टोकाचा शेवट कसा कापायचा, हाही एक निर्णय असतो. सरळ अक्षरात पट्टीची कड उभी असते. इटॅलिकमध्ये ती दांड्याच्या कलाने कापायची की उभीच ठेवायची? कलाने कापली तर सगळं एका दिशेने वाहतं. उभी ठेवली तर शेजारच्या सरळ मजकुराशी नातं राहतं. मला स्वतःला कलाने कापलेली कड आवडते, पण फार लहान आकारात दोन्हींत फरक दिसत नाही.

कॅपिटल अक्षरांना यातलं काही लागू नाही. त्यांना लपेटीचा इतिहासच नाही, ती इटॅलिकमध्येही दोन्हीकडच्या पट्ट्या बाळगूनच उभी असतात. व्हेनिसमध्ये अल्दुस मानुत्सिउस यांच्या छापखान्यातून 1501 साली व्हर्जिलचं पुस्तक निघालं, ते फ्रांचेस्को ग्रिफो यांनी कोरलेल्या इटॅलिकमध्ये होतं. त्यात लहान अक्षरं तिरपी आणि कॅपिटल सरळ उभी होती. त्या वेळी इटॅलिक हे रोमनचं, म्हणजे सरळ उभ्या अक्षराचं, तिरपं रूप मानलं जात नव्हतं. तो स्वतंत्र टाइप होता, त्या काळच्या विद्वानांच्या हस्ताक्षरावरून घेतलेला. रोमनच्या शेजारी बसून शब्द उठवण्याचं काम त्याच्याकडे पुढे आलं.

स्लॅबची पैदास यापेक्षा फार वेगळ्या घरातली. लंडनमध्ये व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या नमुनापुस्तकात 1815 च्या सुमारास 'अँटिक' नावाने तो दिसतो. जाहिराती, भित्तिपत्रकं, लॉटरीची पत्रकं यांचा तो काळ. लांबून ओरडून सांगणारं अक्षर हवं होतं. नेपोलियनच्या स्वारीनंतर इजिप्तची हवा होती, त्यामुळे लवकरच या प्रकाराला 'इजिप्शियन' हे नाव चिकटलं. इजिप्तशी त्याचा काहीएक संबंध नाही, तरी पुढच्या शतकात मेम्फिस, कर्नाक, कैरो अशी नावं ठेवली गेलीच.

मग 1845 साल. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत, म्हणजे टाइप ओतणाऱ्या कारखान्यात, रॉबर्ट बेस्ली यांनी 'क्लॅरेंडन' आणला. पंच, म्हणजे अक्षरांचे पोलादी ठसे, कोरले बेंजामिन फॉक्स यांनी. पट्टी आणि दांडा यांच्या सांध्यात त्यांनी गोलाई भरली, अक्षर अरुंद केलं, आणि ते साध्या मजकुराच्या ओळीत बसेल अशा मापात आणलं. नव्या कायद्याखाली त्याची नोंदणी झाली. संरक्षण तीन वर्षांचं, आणि ते संपताच सगळ्या फाउंड्र्यांनी नकला काढल्या. क्लॅरेंडनचं खरं काम काय होतं? शब्दकोशातला मूळ शब्द उठून दिसावा, एवढंच. म्हणजे तो स्वतःच मजकुरातला जोर होता. जो टाइप जोर देण्यासाठी जन्माला आला, त्याला जोर द्यायला इटॅलिक कशाला लागेल? मला वाटतं, क्लॅरेंडनच्या घराण्यात इतकी वर्षं इटॅलिकची वानवा राहिली ती यामुळे. हास फाउंड्रीसाठी हेरमान आयडेनबेंझ यांनी 1953 मध्ये क्लॅरेंडनला नवं रूप दिलं, तेही इटॅलिकशिवाय. त्याच दशकात इटलीत नेबिओलोसाठी आल्दो नोव्हारेझे यांनी 'एजित्सिओ' काढला, त्याला मात्र इटॅलिक दिलं. आणि 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या हेफ्लर अँड फ्रिअर-जोन्स यांनी 'सेंटिनल' आणला तो क्लॅरेंडनच्या जातीला पूर्ण वाढीचं इटॅलिक देण्याच्या उघड हेतूने. दीडशेहून अधिक वर्षं गेली मध्ये.

1930 च्या आसपास दुसरी लाट आली: रुडॉल्फ वोल्फ यांचा मेम्फिस 1929 चा, मॉरिस फुलर बेंटन यांचा स्टायमी 1931 चा, मोनोटाइपचा रॉकवेल 1934 चा. कंपास आणि पट्टीने काढल्यासारखे हे टाइप. यांचं तिरपं रूप म्हणजे सरळच अक्षर कलवलेलं आणि मग डोळ्याने दुरुस्त केलेलं. रॉकवेलच्या तिरप्या रूपात लहान 'ए' दोन मजलीच (गोलावर कमान असलेला) राहतो, पायांच्या पट्ट्या सगळ्या जागेवर. याला मी वाईट म्हणणार नाही. मोठ्या मथळ्यात, दुकानाच्या पाटीवर, खेळाडूंच्या कपड्यांवर त्याला एक वेग येतो, धावत्या इंजिनासारखा. पण बारीक मजकुरात तो शब्द वेगळा काढत नाही, नुसता कलंडवतो. इटॅलिकचं काम असतं आवाज बदलणं. तिथे फक्त मान वाकडी होते.

आता ज्या दोन टाइपांसाठी मी हे सगळं लिहितो आहे, ते. पहिला एरिक गिल यांचा जोआना, 1930-31 चा, त्यांनी स्वतःच्या छापखान्यासाठी काढलेला. काही जण त्याला स्लॅब म्हणणार नाहीत, कारण पट्ट्या बारीक आहेत. पण त्या सरळ आणि चौकोनी आहेत, म्हणून मी म्हणतो. त्याचं इटॅलिक जेमतेम 3 अंश कललेलं आहे. मोजपट्टी धरून बघितल्याशिवाय ते तिरपं आहे हे कळतही नाही. तरी ओळीत त्यातला एक शब्द आला तरी तो लगेच वेगळा दिसतो, कारण अक्षरं विलक्षण अरुंद आहेत आणि त्यांची घडण लपेटीची आहे. मी विद्यार्थ्यांना जोआनाचं पान हातात देतो ते याचसाठी. कल जवळजवळ काढून टाकला तरी इटॅलिक शिल्लक उरतं. उलट, घडण काढून नुसता कल ठेवला तर काय उरतं, ते तुमच्या पानावर दिसलंच.

दुसरा पीएमएन सेसिलिया. पेटर मातियास नोर्डझाय हे डच रचनाकार. वडील खेरिट नोर्डझाय द हेगच्या कला अकादमीत सुलेखन आणि टाइप शिकवत. लेखणीच्या हालचालीतून अक्षर समजावून सांगणारे ते गुरू. मुलाने त्याच विचाराने 1980 च्या दशकात स्लॅब हाती घेतला आणि 1990 मध्ये लायनोटाइपने तो बाजारात आणला. सरळ अक्षरात पट्ट्या ठाम, पण दांडे-गोलाई जुन्या पुस्तकी अक्षराच्या वळणाच्या. आणि इटॅलिकमध्ये अरुंद, हाताच्या चालीची अक्षरं, ज्यांच्या टोकांना मात्र तीच ठाम पट्टी. घर एकच आहे हे पट्टीवरून कळतं, आवाज वेगळा आहे हे घडणीवरून. ॲमेझॉनच्या किंडलवर कितीतरी वर्षं हाच टाइप होता. सुरुवातीच्या किंडलच्या पडद्यावर इंचाला 167 ठिपके, तेही राखाडी. अशा पडद्यावर नाजूक रेघ तुटते आणि फार तिरपी रेघ पायऱ्यापायऱ्यांची होते. जाड पट्ट्यांचा, मवाळ कलाचा हा टाइप तिथे टिकला.

स्लॅबचा आणखी एक वंश आहे, तो आपल्या ओळखीचा: टंकलेखन यंत्र. यंत्रात प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी. मग 'आय' आणि 'एल' यांच्या आजूबाजूला पडणारी पोकळी भरायची कशी? लांब पट्ट्या देऊन. आयबीएमसाठी हॉवर्ड केटलर यांनी काढलेला कुरिअर 1955 च्या आसपासचा, आणि गोदरेजनेही भारतात टंकलेखन यंत्र बनवायला सुरुवात केली ती 1955 मध्येच. कोर्टकचेऱ्यांतले इंग्रजी कागद पाहिलेल्या कुणालाही या वळणाची नजर बसलेली असते. त्या यंत्रांवर इटॅलिक नसे. म्हणून टंकलेखक शब्दाखाली रेघ मारत, आणि छापखान्यात जुळारी ती रेघ म्हणजे इटॅलिक असं समजून टाइपाचे खिळे जुळवत. शास्त्रीय नावाखाली रेघ मारायची शाळा-कॉलेजातली सवय हीच आहे. वहीत हाताने लिहिताना आजही ती चालते. तुमच्या पुस्तकात मात्र रेघही आणि इटॅलिकही, असं दोन्ही नको. पुढे 1961 मध्ये आयबीएमच्या सिलेक्ट्रिक यंत्रावर अक्षरांचा गोळाच बदलता येऊ लागला आणि टंकलेखनातही इटॅलिक आलं. त्यात 'आय'ला खाली उजवीकडे लांब वळलेली शेपटी असते, ती जागा भरण्यासाठीच. आजच्या आयबीएम प्लेक्स मोनोच्या इटॅलिकमध्ये तिचा वारसा स्पष्ट दिसतो. संगणकाचा कोड लिहिणारे लोक टिप्पण्यांसाठी ते आवडीने वापरतात.

एक माझा अनुभव सांगतो, कारण तुमच्या पानाशी तो जुळतो. नव्वदीच्या दशकात एका संस्थेची बियाणांची सूची मी मांडली होती. स्लॅब टाइप, शास्त्रीय नावं बटण दाबून तिरपी केलेली. लेझर प्रिंटवर सगळं ठीक दिसलं. छपाई साध्या, शोषणाऱ्या कागदावर झाली, आणि सात पॉइंटच्या नावांतले 'आर' आणि 'एन' शेजारी आले की चक्क 'एम' दिसायला लागला. अभ्यासकांनी हातात सूची घेऊन ही जात कुठली असं विचारलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. वाचणाऱ्याचा माझ्यावर विश्वास होता आणि मी चुकीचं अक्षर त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं. त्या दिवसापासून इटॅलिक असल्याची खात्री केल्याशिवाय मी टाइप निवडत नाही.

मग स्लॅबच्या इटॅलिकचा उपयोग कुठे? तुमच्यासारख्या पुस्तकात तर नक्कीच. फोटोवर पांढऱ्या अक्षरांत माहितीची ओळ द्यायची असते तेव्हा चार रंगांची छपाई केसभर सरकली तरी बारीक सेरिफ गायब होतात. स्लॅबची टोकं टिकतात. तळटिपा, नकाशावरची नद्यांची नावं, वेळापत्रकातल्या सूचना, पाकिटांवरचा बारीक मजकूर, अशा जिथे जिथे अक्षर लहान आणि छपाई बेभरवशाची, तिथे ते कामी येतं. वर्तमानपत्रातही येतं: द गार्डियनने 2005 मध्ये रूप बदललं तेव्हा पॉल बार्न्स आणि क्रिश्चन श्वार्ट्झ यांनी त्यांच्यासाठी इजिप्शियन घराण्याचंच मोठं कुटुंब काढलं, इटॅलिकसकट. लांबलचक मजकूर, म्हणजे अख्खं पान इटॅलिकमध्ये, असं मात्र करू नका. प्रस्तावना तिरप्यात लावायची आपल्याकडे हौस आहे. स्लॅबच्या इटॅलिकचं पान फार भरगच्च दिसतं आणि दोन परिच्छेदांत डोळा थकतो.

आता मराठी नावं. ती तिरपी करू नका. बाळबोध अक्षर शिरोरेघेला टांगलेलं असतं. कलवलं की शिरोरेघ आडवीच राहते, पण काना तिच्याशी काटकोन सोडतो, वरच्या वेलांट्या-मात्रा उजवीकडे सरकून पुढच्या अक्षरावर जातात आणि खालचे उकार डावीकडे मागे पडतात. 'हिरडा' सरळ आणि कलवलेला शेजारी ठेवून पाहा: 'हि'ची वेलांटी आपल्या दांड्यापासून निसटलेली दिसते. मराठी पुस्तकांत तिरपा ठसा वापरतात हे खरं आहे, आणि अवतरणांसाठी तो आता अंगवळणी पडला आहे. तरी माझं मत असं की आपल्याकडे त्याला मुळं नाहीत. इटॅलिकच्या मागे एक जलद हस्ताक्षर उभं आहे. मराठीतही जलद हस्ताक्षर होतं, पण ते मोडी. बाळबोध पोथीचं आणि मोडी दफ्तराचं. बाळबोधीच्या शेजारी इटॅलिकच्या तोडीचं काही शोधायचंच झालं तर ते मोडीत सापडेल. कलवलेली बाळबोधी म्हणजे नुसती वाकवलेली बाळबोधी. तुमच्या पुस्तकात मोडी लावा असं मी म्हणत नाही. जोर हवा तिथे ठळक ठसा वापरा. क्लॅरेंडनचं काम ठळक देवनागरी उत्तम करते.

स्लॅब आणि देवनागरी शेजारी छान नांदतात. कारण दोन्हींत आडव्या रेघेला वजन आहे. स्लॅबची पट्टी आणि शिरोरेघ यांची जाडी जुळवा, बाकीचं बरंचसं आपोआप जुळतं. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा देवनागरी टाइप मोफत आहे, एकसारख्या रेघेचा आहे आणि सात वजनांत (म्हणजे जाडींत) मिळतो, त्यामुळे ही जुळवाजुळव सोपी जाते. दोन्ही लिपी एकाच पॉइंटला लावू नका. छापून, भिंगाखाली धरून, काना आणि लहान रोमन अक्षर यांचं नातं डोळ्याने ठरवा.

टाइप निवडताना आधी फाइलींची यादी पाहा, इटॅलिक वेगळी फाइल म्हणून आहे का. रोबोटो स्लॅब लोकप्रिय आहे, पण त्याला इटॅलिक नाही. बिटर, आर्व्हो, झिला स्लॅब हे मोफत आहेत आणि त्यांना आहे. पैसे खर्चायची तयारी असेल तर सेसिलिया, किंवा अडोबीचा शॅपरल, कॅरल ट्वॉम्बली यांचा 1997 चा. पुस्तकासाठी मला तो विशेष आवडतो, इटॅलिक लपेटीचं आणि पट्ट्या सौम्य. कुठलाही घ्या, इटॅलिकमध्ये आधी 'एम'च्या मधल्या पायाकडे बघा, मग 'ए' एक मजली झाला आहे का ते, मग 'एफ'ची शेपटी ओळीखाली उतरते का ते. तिन्ही व्हायलाच हवं असं नाही, पण तिन्हींपैकी एकही झालं नसेल तर ते इटॅलिक नुसतं कलवलेलं असण्याची शक्यता मोठी. पुस्तकाचं संकेतस्थळही करणार असाल तर करणाऱ्याला सांगा की सीएसएसमध्ये फाँट-सिन्थेसिस बंद ठेव, म्हणजे ब्राउझर आपल्या मनाने अक्षरं कलवणार नाही.

आणि जुळणीच्या वेळी दोन गोष्टी. इटॅलिकमध्ये फक्त प्रजाती (जीनस) आणि जातीचं (स्पीशीज) नाव. कुळाचं नाव आणि नाव देणाऱ्याचा संक्षेप सरळच. माथेरानकडच्या अंजनाच्या नावापुढे बर्मन यांचा संक्षेप आणि 'एफ' येतो, तो 'एफ' म्हणजे लॅटिनमधला 'मुलगा', तोही सरळ. तिरप्या अक्षराचं डोकं पुढच्या सरळ अक्षराकडे किंवा कंसाकडे झुकतं, म्हणून जिथे इटॅलिक संपून कंस येतो तिथे हाताने केसभर जागा वाढवा, विशेषतः शेवटचं अक्षर उंच दांड्याचं असेल तर.

मग एक पान खऱ्या आकारात, ज्या कागदावर पुस्तक छापणार त्याच कागदावर काढून घ्या. दुपारी बाराला ते बाहेर न्या, हातभर अंतरावर धरा, आणि दोन्ही अंजनांची नावं न थांबता वाचता येतात का ते बघा.